प्रकाशाची पांढर

नंदुरबारहून शहाद्याकडे जाताना तापीचा पूल ओलांडला की प्रकाशा लागतं. खानदेशात या गावाची ओळख दक्षिण काशी अशी. तापी-गोमाईच्या संगमाजवळ केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वराची देवळं आहेत. अस्थिविसर्जनासाठी इथं लांबून माणसं येतात आणि सिंहस्थात घाट फुलून जातो. गावाला लागूनच नदीकाठी एक उंच पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड आहे. भाविकांची पावलं तिकडं क्वचितच वळतात.

माझीही वळली नसती. तोरणमाळला निघालो होतो, पण प्रकाशाजवळ मोटारसायकलची क्लच प्लेट जळाली. गॅरेजमधला तरुण म्हणाला, “दादा, प्लेट शहाद्याहून मागवावी लागेल. तोवर संगमावर जाऊन या.” त्याचं ऐकलं आणि नुसती पुस्तकातून माहीत असलेली जागा पायाखाली आली.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी 1955 मध्ये इथं उत्खनन केलं. थापर पुढं कालीबंगनच्या उत्खननातही होते आणि नंतर सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. प्रकाशात त्यांना वस्तीचे चार कालखंड एकावर एक मिळाले. सगळ्यात खाली होती ताम्रपाषाणयुगातली वस्ती, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातली. तांबं तेव्हा दुर्मीळ. त्यामुळे कापण्या-तासण्याची रोजची कामं दगडाच्या पातळ, धारदार पात्यांवर चालत. मला सर्वांत मोलाची वाटतात ती या वस्तीतली खापरं. नर्मदेपलीकडच्या माळव्याच्या घाटणीची भांडी इथं सापडली आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याच्या घाटणीचीही. उत्तर आणि दख्खन यांची गाठ या नदीकाठी किती आधी पडली होती, याचा हा पुरावाच आहे.

वरच्या थरांत लोखंड येतं, गंगेच्या खोऱ्याशी नातं सांगणारी काळी चकचकीत भांडी येतात. शेवटचा कालखंड साधारण अकराव्या शतकापर्यंत पोचतो.

एवढी शतकं माणसं इथंच का येत राहिली, हे पांढरीवर उभं राहिलं की समजतं. समोर दोन नद्यांचं पाणी, भोवती काळी कसदार जमीन, उत्तरेला सातपुडा. तापीचं खोरं म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडे जाणारी निसर्गानंच आखलेली वाट. आजचा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गही याच खोऱ्यातून जातो आणि ज्या चौफुलीवर मालट्रक थांबतात, ती या वस्तीपासून दूर नाही.

उतारावर पावसानं घळी पाडल्या आहेत. त्यांच्या कडांना मातीचे बदलते रंग दिसतात. मी बराच वेळ तिथंच रेंगाळलो. गाडी तयार झाल्याचा फोन आला तेव्हा उठावंसं वाटत नव्हतं. ज्या मातीवर साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणाची चूल पेटली, तिला देवळाइतकाच मान मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

शहादा-नंदुरबारच्या शिक्षकांनी प्रकाशाच्या सहलीत ही पांढर जरूर दाखवावी. पावसाळा संपल्यावर जा, सकाळचं ऊन असताना जा. खापर दिसलं तर वाकून पाहा, फोटो काढा, पण उचलून खिशात घालू नका. जागेवरून हललेल्या तुकड्याची अर्धी माहिती तिथंच नष्ट होते.