जुना चेहरा, नवं इंजिन : हौशी स्पोर्ट्स कारसाठी मीटर निवडताना

आज आपण डॅशबोर्डकडे वळू या. उदाहरण घेऊ लोटस सेव्हनच्या घराण्याचं. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये ही छोटी दोन आसनी गाडी इंग्लंडमध्ये आणली. सुटे भाग विकत घेऊन घरीच जोडली, तर त्या वेळचा खरेदीकर वाचत असे. १९७३ पासून केटरहॅमने हा वारसा पुढे चालवला. आजही तिथले हौशी लोक गॅरेजमध्ये अशा गाड्या जोडतात. इंजिन नवं, पण डॅशबोर्डवर हवा असतो स्मिथ्स मीटरचा तो काळा चेहरा, पांढरे आकडे आणि क्रोमची कडा. हौस रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की काटा खरं बोलतो का?

आधी टॅकोमीटर पाहू. जुना टॅकोमीटर इग्निशन कॉइलकडून ठोके मोजतो. नव्या इंजिनात प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असते, म्हणून सिग्नल ईसीयूकडून घ्यावा लागतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठोके पडतात. मीटर सहा सिलिंडरसाठी, म्हणजे तीन ठोक्यांसाठी लावलेला असेल, तर ६००० फेऱ्यांना तो ४००० दाखवील. आपण बिनधास्त ॲक्सिलरेटर दाबत राहू, आणि इंजिन जाईल!

पेट्रोलच्या मीटरचंही तसंच आहे. टाकीतला फ्लोट विजेचा रोध बदलतो आणि त्यावर काटा हलतो. पण युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीला साधारण १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८०; अमेरिकी पद्धतीत रिकामीला २४० आणि भरलेलीला ३३. म्हणजे अमेरिकी फ्लोटला युरोपीय मीटर जोडला, तर टाकी कोरडी असताना काटा ‘फुल’वर! म्हणून मीटर आणि सेन्सर जोडीनेच घ्यावेत.

आता स्पीडोमीटर. चाकाचा घेर १.७० मीटर धरून तो जुळवला, आणि नंतर १.८० मीटर घेराचे टायर बसवले, तर प्रत्यक्ष ७० मैल वेगाला काटा ६६ दाखवतो. ब्रिटनमध्ये अशा गाडीला रस्त्यावर येण्यापूर्वी आयव्हीए तपासणी द्यावी लागते, आणि तिथे खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणारा स्पीडोमीटर चालत नाही. थोडा जास्त दाखवला तर चालतो. तेव्हा टायर आधी ठरवा, जुळवणी नंतर.

काही जुन्या गोष्टी मात्र जुन्याच राहू द्याव्यात. अँमीटर दिसायला छान; पण त्यातून चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशबोर्डपर्यंत जाड तारेने आणावा लागतो. आजच्या अल्टरनेटरला व्होल्टमीटरच बरा. ऑइल प्रेशरचा जुना यांत्रिक मीटर बारीक नळीतून गरम तेल थेट आपल्या गुडघ्यांपाशी आणतो. त्याऐवजी विजेचा सेन्सर घ्यावा. सोबत लाल दिवाही हवाच, कारण वळणावर काट्याकडे कुणाचं लक्ष असतं?

शेवटी मांडणी. टॅकोमीटर समोर, मोठा. लहान मीटर असे फिरवून बसवा, की सगळं ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर राहील. रेसवाल्यांची ही जुनी युक्ती. आकडे वाचावे लागत नाहीत; एखादा काटा तिरका झाला की लगेच खटकतं.

थोडक्यात, आधी सिग्नल, मग सेन्सर आणि सर्वांत शेवटी चेहरा. दुकानात आपण नेमकं उलट करतो, हे लक्षात ठेवू या.