पक्षी, प्रकाश आणि छाया

छायाचित्र हे नावच मोठे अर्थपूर्ण आहे. चित्र उमटते ते प्रकाशाने. परंतु त्याला उठाव येतो तो छायेमुळे. रानातील पक्षी टिपताना या दोहोंचा मेळ साधणे, हेच खरे कौशल्य होय.

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. तिच्या काठी सूर्योदयानंतर तास-दीड तास किरणे तिरपी पडतात. छायाचित्रकार सूर्याकडे पाठ करून उभा राहिला, तर खंड्याच्या पंखांचा निळा रंग खुलतो व त्याच्या डोळ्यात प्रकाशाचा बारीक ठिपका चमकतो. त्या ठिपक्यानेच चित्रातील पक्षी सजीव वाटतो. प्रकाश बाजूने आला, म्हणजे पिसांची घडण उठून दिसते. सूर्य पक्ष्याच्या मागे असला, म्हणजे रंग लोपून केवळ काळी आकृती उरते.

दुपारी हा मेळ बिघडतो. हिमायतनगर सुमारे १९.४ उत्तर अक्षांशावर वसले आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात व पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा वेळी पक्ष्याची पाठ प्रखर उजळते. पोट व डोळे मात्र काळवंडतात.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड पाहतो. काळ्याभोर पाण्यापुढे पांढरा बगळा उभा असता तो फसतो. अधिक प्रकाश आत घेतो आणि बगळा नुसता पांढरा डाग दिसतो. तेथे प्रकाश कमी घ्यावा. उजळ आकाशापुढे बसलेल्या काळ्या कोतवालासाठी तो वाढवावा.

छायेचे मोल टिटवीइतके कोणास ठाऊक असणार? ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. कडक उन्हात त्यांवर उभी राहून ती सावली धरते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून अंडी गार ठेवते. छायाचित्रकार जवळ रेंगाळला, तर ती दूर जाऊन आक्रोश करीत राहते. इकडे अंडी तापतात व आतील जीव दगावू शकतो. घरट्यावर उजेड पडावा म्हणून फांद्या तोडणे, हाही तसाच अपराध होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे शिकारीतच गणले आहे.

म्हणून जाणता छायाचित्रकार योग्य प्रकाशाची वाट पाहतो. पक्ष्याची सावली हिरावून घेत नाही. तिरपे, कोवळे ऊन उद्या सकाळीही पडणार असते. उन्हात गेलेला जीव मात्र परत येत नाही.