आज्ञावलींच्या आवृत्त्या आणि आठवा संगणक

वर्गात प्राध्यापकांनी "पान ८४ काढा" म्हणावे आणि मागच्या बाकावरील विद्यार्थ्याच्या पुस्तकात त्या पानावर भलताच धडा निघावा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. पुस्तक तेच, लेखक तोच, फक्त आवृत्ती जुनी. थोडा हशा पिकतो, चार पाने उलटली की धडा सापडतो. संगणकाला मात्र पाने उलटून पाहण्याची अक्कल नसते. सांगितलेल्या पानावर जे असेल ते तो मुकाट्याने वाचतो आणि तसेच करतो. मोठ्या कचेरीतील शेकडो संगणकांवरील आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, एकमेकांशी जुळते ठेवणारा जो व्यवस्थापक असतो, त्याची निम्मी चिंता एवढ्यातच आली.

आवृत्तीला बहुधा तीन आकड्यांचा क्रमांक देतात, उदाहरणार्थ २.४.१. शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती. मधला वाढला तर नवी सोय झाली, पण जुने काम पूर्ववत चालेल. पहिला वाढला तर जुन्याशी जमेलच याची हमी नाही. अर्थात हा केवळ संकेत आहे, आणि संकेत सगळेच पाळतात असे नाही! शिवाय कोणतेही सॉफ्टवेअर एकटे नांदत नाही. पगारपत्रके करणारी आज्ञावली एका डेटाबेसवर विसंबून, तो डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या ठराविक आवृत्तीवर विसंबून, असे ते एकत्र कुटुंब असते. एकाचे बदलले की दुसऱ्याचे बिनसते. मराठी आणि कन्नड छपाईचे काम केलेल्यांना तर हे वेगळे सांगायला नको. युनिकोड रुळण्यापूर्वी अक्षरांना प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापले क्रमांक दिले होते. त्या काळची फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की ओळीच्या ओळी निरर्थक रोमन अक्षरांनी भरून जातात.

ही जुळणी चुकली तर काय होते, याचे सर्वात बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. नाइट कॅपिटल ही तेथील शेअर बाजारातील बडी दलाल कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात एक नवी योजना सुरू व्हायची होती. तिच्यासाठी कंपनीने आपल्या आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली चढविण्याचे काम काढले. सातांवर ती चढली, आठव्यावर चढवायची राहिली. दुसऱ्या कोणी ते काम तपासून पाहावे, असा लेखी नियम तेथे नव्हता.

एवढ्यानेही फारसे बिघडले नसते. फार तर आठव्या सर्व्हरवर नवे काम झाले नसते. परंतु नव्या आज्ञावलीने आपले काम सुरू करण्यासाठी जी खूण वापरली होती, ती खूण पूर्वी 'पॉवर पेग' नावाच्या एका जुन्या भागाची होती. हा भाग २००३ पासून वापरात नव्हता, पण पुसलाही नव्हता. घरातल्या माळ्यावरील अडगळीसारखा तो तसाच पडून होता. त्यातच मागणी पुरी झाली की थांबायचे, हा हिशेब ठेवणारा तुकडा २००५ मध्ये दुसरीकडे हलविला गेला होता. बाजार उघडला, खूण आली. सात सर्व्हरांनी तिचा नवा अर्थ लावला. आठव्याने जुना लावला आणि थांबायचे कधी हे ठाऊकच नसल्याने तो मागण्या पाठवीत राहिला.

सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर इकडचे तिकडे झाले. त्या गोंधळात एक उलटा उपाय केला गेला. दोष नव्या आज्ञावलीचा असावा, असे समजून ती चांगल्या सात सर्व्हरांवरून काढून टाकण्यात आली. म्हणजे आता त्यांच्यावरही जुना भाग जागा झाला! नुकसान ४६ कोटी डॉलरांच्या वर गेले. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने 'पॉवर पेग'चा उल्लेख असलेली ९७ ई-पत्रे कर्मचाऱ्यांना धाडली होती. पण ती धोक्याची सूचना म्हणून योजलेली नव्हती आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि सरकारी नियामकाने १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला तो निराळाच.

माझ्या मते यातला खरा धडा नवे चढविण्याचा नसून जुने उतरविण्याचा आहे. कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे याची नोंदवही, आधी एका बाजूच्या संगणकावर चाचणी, आणि बिघडल्यास मागे कोणत्या आवृत्तीवर जायचे हे आधी ठरविणे, ही कामे कंटाळवाणी खरी, पण याच कामांसाठी व्यवस्थापकाला पगार मिळतो.

मग बदलच टाळावा काय? तसेही नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका धोकादायक दोषावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणी मागणारा विषाणू त्याच दोषातून जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ रुग्णालय-संस्थांपैकी निदान ८० संस्थांना त्याची झळ बसली. सारा दोष विंडोज एक्सपीच्या माथी मारण्याची तेव्हा चढाओढ लागली होती. वस्तुतः तेथील बहुतेक बाधित संगणकांवर विंडोज ७ होते. त्याला दुरुस्ती मिळत होती, ती लावलेली नव्हती.

एक्सपीवर चालणारी यंत्रेही रुग्णालयांत होतीच, उदाहरणार्थ एमआरआयची. अशा यंत्रातील सॉफ्टवेअर सहसा ते पुरविणाऱ्या कंपनीच्या ताब्यात असते. रुग्णालयाला त्यात परस्पर फेरफार करता येत नाही. आणि केवळ सॉफ्टवेअर जुने झाले म्हणून एवढे महागडे यंत्र कोण मोडीत काढणार? तेव्हा व्यवस्थापक ते यंत्र इतर संगणकांच्या जाळ्यापासून तोडून वेगळे ठेवतो, आणि नोंदवहीत त्याच्यापुढे तशी नोंद करतो.