डब्यावरचा इशारा आणि पेल्यातले पाणी

वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत टीसीएल पावडरचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, डबा किंवा गोणी असतेच. झाकण काढताच वास नाकात चढतो, डोळे चुरचुरतात. वर छापलेले असते: डोळ्यांना इजा होते, त्वचा भाजते, धूळ श्वासात घेऊ नका, ओल आणि आम्लापासून दूर ठेवा. हीच पावडर गावाच्या टाकीत पडते आणि तेच पाणी आपण लेकरांना पाजतो. मग कुणीतरी विचारतेच, ‘‘भाऊ, पाण्यात हे औषध कायले टाकता?’’

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेतले, तर कुठल्याही डब्यावरचा इशारा कसा वाचायचा हेही समजते.

इशारा कुणासाठी असतो?

डब्यावरचा इशारा डबा उघडणाऱ्यासाठी असतो. तो वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: पदार्थ कोणत्या रूपात आहे, किती आहे आणि शरीरात कोणत्या वाटेने शिरतो.

धातूंवरून हे चटकन कळते. वर्ध्याजवळ भूगावला पोलादाचा कारखाना आहे, देवळीला एमआयडीसी आहे, आणि वेल्डिंगचे दुकान तर गावोगाव आहे. जीआय पाइप दिवसभर खांद्यावर वाहिला तरी त्यावरच्या जस्ताने काही होत नाही. तोच पाइप वेल्ड केला की जस्ताचा पांढरा धूर उठतो. बंद शेडमध्ये तो छातीत गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. बहुधा एक-दोन दिवसांत तो उतरतो. स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात क्रोमियम असते आणि आपण त्यात वरण शिजवतो. पण त्याच स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात क्रोमियमचे षट्संयुजी रूप तयार होते आणि ते कर्करोगकारक आहे. धातू तोच, पण रूप आणि वाट बदलली की परिणाम बदलतो.

म्हणून दोन शब्द वेगळे ठेवावेत. पदार्थ काय करू शकतो तो धोका. तो आपल्यापर्यंत किती आणि कसा पोचतो त्यावर ठरते ती जोखीम. इशारा धोक्याबद्दल बोलतो, जोखमीचा हिशेब आपल्याला मांडावा लागतो.

टीसीएलचा हिशेब

समजा, टाकी 50,000 लिटरची आहे. हजार लिटरला 5 ग्रॅम पावडर या प्रचलित मापाने 250 ग्रॅम पावडर लागते. चांगल्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असते, म्हणजे सुमारे 82 ग्रॅम. लिटरमागे ते दीड मिलिग्रॅमच्या थोडे वर जाते.

जलसुरक्षकाने हातमोजे घालून, प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायचे. चुन्याचा गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. पुढचा अर्धा तास पाणी वापरायचे नाही. तेवढ्या वेळात क्लोरीन जंतूंवर आणि पाण्यातल्या घाणीवर खर्ची पडते. मागे उरते त्याची ओटी टेस्ट होते: काचेच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, आणि तो रंगपट्टीशी जुळवून पाहतात. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले हवे आणि ते 1 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर करून भागत नाही. ती गावाच्या शेवटच्या घरी करायची, कारण क्लोरीन वाटेत संपते.

एक खबरदारी महत्त्वाची आहे. पिवळे झालेले ते पाणी फेकून द्यायचे, चुकूनही प्यायचे नाही, कारण ऑर्थोटोलिडीन स्वतःच घातक आहे. आणि घरी ब्लीचिंग पावडर व संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. डब्यावरची ‘आम्लापासून दूर’ ही ओळ त्यासाठीच असते.

तुरटीचे ॲल्युमिनियम

वर्धा शहराला धाम नदीचे पाणी येळाकेळी आणि पवनार इथून मिळते. पावसाळ्यात नदी गढूळ होते. घरी आजी माठात तुरटी फिरवायची, त्याच जातीचे काम जलशुद्धीकरण केंद्रात ॲल्युमिनियमचे क्षार करतात. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात. तुरटी ते ढकलणे थांबवते, कण एकत्र येऊन पुंजके होतात आणि तळाशी बसतात.

लिटरमागे 30 मिलिग्रॅम तुरटी घातली, तर केंद्रात वापरतात त्या प्रकारच्या तुरटीत सुमारे अडीच मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असते. त्यातले बहुतेक गाळाबरोबर जाते, उरलेले पुंजके वाळूच्या थरात अडकतात. पाण्यात ॲल्युमिनियमची स्वीकार्य मर्यादा 0.03 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 0.2 पर्यंत चालते. मात्रा चुकली किंवा गाळणी नीट चालली नाही, तर हा आकडा वाढतो. म्हणून तुरटी अंदाजाने टाकू नये, आधी नमुन्यावर मात्रा पाहून ठरवावी.

जे वास देत नाही

क्लोरीन वास देते, पाणी उघडे ठेवले की उडते, उकळले की जाते. शिशाचे तसे नाही. त्याला वास, चव, रंग काही नसते. पाणी उकळले तर ते जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. शरीरात ते हाडांत साठते, आणि लहान मुलांच्या मेंदूला थोडे शिसेही घातक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित पातळी माहीत नाही.

आता आयएस 10500 मधले आकडे शेजारी ठेवा. जस्त लिटरमागे 5 मिलिग्रॅम, क्रोमियम 0.05, शिसे 0.01, कॅडमियम 0.003, पारा 0.001. जस्ताला शिशाच्या पाचशे पट मुभा आहे, कारण जस्त शरीराला लागते आणि शिशाचा शरीराला काहीच उपयोग नाही.

शिसे जुन्या बॅटऱ्यांत, जुन्या रंगांत आणि जुन्या पीव्हीसी पाइपांत असू शकते. घरगुती रंगांवर 90 पीपीएमची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली, तर पाइपांतल्या शिशासाठी 2021 मध्ये नियम निघाले. त्याआधीचे पाइप मात्र जमिनीतच आहेत.

फ्लोराइड

अमेरिकेत 1945 पासून दातांसाठी पाण्यात फ्लोराइड मिसळतात, आज लिटरमागे 0.7 मिलिग्रॅम. आपल्याकडे शेजारच्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत बोअरवेलच्या पाण्यात ते मुळातच जास्त सापडते, दात डागाळतात, हाडे आखडतात. इथे मर्यादा 1 मिलिग्रॅम, नाइलाजाने 1.5. ते काढण्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून नलगोंडा पद्धत बसवली. तिकडे मिसळतात तेच इकडे काढावे लागते, कारण निर्णय मात्रेवर ठरतो.

आपण काय पाहायचे?

पावडर कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवली आहे का? ओल लागली की तिचा जोर जातो, मग मोजून टाकली तरी उपयोग नाही. शेवटच्या नळावर ओटी टेस्ट होते का? पाण्याच्या सुरक्षिततेबद्दल पंचायतीला मिळालेले कार्ड हिरवे, पिवळे की लाल? विहिरीजवळ कुणी जुन्या बॅटऱ्या फोडतो का? वेल्डिंगच्या शेडमध्ये धूर बाहेर जायला वाट आहे का? आणि पाणी तपासणीच्या अहवालात शिशाची ओळ आहे का? नेहमीच्या तपासणीत ती असेलच असे नाही, वेगळी मागावी लागते.

टीसीएलचा डबा आपला धोका मोठ्याने सांगतो, म्हणून त्याच्याबद्दल प्रश्न उठतो. ‘कायले टाकता’ असे विचारणाऱ्याला हा सगळा हिशेब दाखवावा. मग त्याने ग्रामसभेत उभे राहून आणखी एक प्रश्न विचारावा: आपल्या पाण्यातल्या धातूंची तपासणी शेवटची कधी झाली?