दोन पोढ्यांचं दान

जुन्नरभोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. लोक लेण्याद्रीला गणपतीसाठी चढतात, शिवनेरीला महाराजांसाठी. भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांसाठी मान वर करणारा विरळाच. त्या लेखांत इरिल नावाचा एक यवन आहे, म्हणजे ग्रीक किंवा तसाच कुणी परदेशी. दोन हजार वर्षांमागे या माणसाने इथे काय दिलं, तर दोन पोढ्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. लेख एवढाच: कोण, कुठला, काय दिलं. टाक्याएवढ्या दानालाही नाव आहे, आणि टाकं दिलं म्हणून अख्खा डोंगर माझा असं कुणी म्हटलेलं नाही.

घोडेगावात एका ओळखीच्या माणसाने दिलेल्या खोलीत दर रविवारी आठ-दहा मुलंमुली जमतात. ‘कमिट’ म्हणजे काय, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलाची नावासकट होणारी नोंद, हे त्यांना सांगताना मी इरिलपासून सुरुवात करतो. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये हे शिकवत नाहीत, आणि मलाही ते तिथे कळलं नव्हतं.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला जाहीर केलं, की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, पुढे लिनक्स नाव पडलं. त्याचा कोड खुला आहे, म्हणजे कुणीही वाचावा, बदलावा. या गाभ्याभोवती हजारो प्रोग्रॅम जोडून जे वापरण्याजोगं पॅकेज होतं, त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. त्यातलं डेबियन १९९३ पासून स्वयंसेवकांच्या जोरावर चाललंय. ‘हे आपल्याकडे कोण वापरतं?’ असं मंचरच्या बाजारात विचाराल, तर उत्तर विचारणाऱ्याच्याच खिशात आहे, कारण अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल असतो.

आणि दुसरं उत्तर खोडदला. नारायणगावच्या पूर्वेला शेतांमधून वर आलेल्या त्या पांढऱ्या जाळीच्या तबकड्या सगळ्यांनी पाहिल्यात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधल्या चौकोनात आहेत आणि १६ तीन बाजूंना फाकलेल्या भुजांवर, अशा की सगळा पसारा २५ किलोमीटरवर जातो. तीसही अँटेनांचे संकेत एकमेकांशी जुळवून गणित करणारं यंत्र आधी खास घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचं होतं. पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि इंजिनिअरांनी ते काम बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या, लिनक्सवर चालणाऱ्या समूहाकडे सोपवलं. २०१० मध्ये त्याचा शोधनिबंधही आला. नंतरच्या सुधारित यंत्रणेत ग्राफिक्स कार्डं आली, आणि सोबत बर्कलेच्या कॅस्पर या खुल्या प्रकल्पातल्या सर्किटच्या पाट्या. मिळालेल्या नोंदींतून प्रतिमा काढणारी ‘कॅप्चर’ ही तिथल्याच संशोधकांची प्रणालीही खुली आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी आपल्या शाळांच्या सहली खोडदला लोटतात. अँटेनाबरोबर फोटो काढून पोरं परततात. ‘सर, हे यंत्र कशावर चालतं?’ असं मात्र एकानेही विचारलेलं मी ऐकलं नाही. पंचवीस किलोमीटरच्या घेरात इतकं खुलं सॉफ्टवेअर पळतंय आणि त्यात आपल्या तालुक्याच्या पोढ्या किती, हा माझा जुना सल आहे.

मुलांची पहिली अडचण ठरलेली: ‘सर, मला कोडिंग येत नाही.’ दुसरी अडचण ज्यांना कोडिंग येतं त्यांची: ‘सर, कर्नलमध्ये काय बदलू?’ दोघांचाही घोटाळा एकच. योगदान बदलण्यापासून सुरू होतं असं दोघांना वाटतं. माझ्या मते ते पाहण्यापासून सुरू होतं, आणि पाहिलेलं हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसासमोर जसंच्या तसं उभं करता येण्यापासून.

हे मी ठेच खाऊन शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रकल्पाला मी तावातावाने बग कळवला: ‘मराठी नीट चालत नाही.’ खाली दोन परिच्छेद संताप. तीन दिवसांत ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारून त्यांनी तो बंद केला. मला वाटलं, मराठीवर अन्याय. वर्षभराने तोच मजकूर पुन्हा वाचला आणि लाज वाटली. त्यात ना प्रोग्रॅमचं नाव होतं, ना आवृत्ती, ना कुठला शब्द बिघडला ते.

खरी भानगड काय होती, ते सांगतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे शब्द घ्या. नाणेघाटातून खाली दिसतात त्या दऱ्या, आणि पलीकडे कोकण ओलांडल्यावर लागतो तो दर्या. ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर पंगत होते, ‘आचार्यांना’ बोलावलं तर प्रवचन. हा आडवा, पापणीसारखा अर्धा र मराठीला रोज लागतो, हिंदीचं त्यावाचून अडत नाही. संगणकात तो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तऱ्हा म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की हा ऱ मिळतो. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. मी एका पद्धतीने लिहिलेली फाइल दुसऱ्या पद्धतीने शोधत होतो आणि ती ‘नाही’ म्हणून उत्तर येत होतं.

आता नीट कळवायचं म्हणजे काय? अमुक आवृत्ती. ‘डोंगरदऱ्या’ या नावाची फाइल पहिल्या पद्धतीने टाइप करून बनवली. शोधचौकटीत तोच शब्द दुसऱ्या पद्धतीने टाइप केला. फाइल सापडायला हवी होती, सापडली नाही. दोन्ही शब्दांचे युनिकोड क्रमांक सोबत. पाच ओळी, बस्स. मराठीचं एक अक्षर न जाणणारा जर्मन प्रोग्रॅमर या पाच ओळींवरून तीच चूक स्वतःच्या संगणकावर घडवून पाहू शकतो. त्याला मराठीचा अभिमान असण्याची गरज नाही. तुम्हाला आहे तेवढा पुरे.

असं बारीक पाहणं किती मोलाचं, याचा दाखला २०२४ च्या मार्चमधला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो मागावर गेला, तेव्हा एक्सझेड या फायली आवळणाऱ्या छोट्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. बसवणाऱ्याने खोट्या नावाने दोन वर्षं सभ्य, उपयोगी योगदान देऊन त्या प्रकल्पाच्या थकलेल्या एकट्या मेंटेनरचा, म्हणजे सांभाळणाऱ्याचा, विश्वास कमावला होता. तेव्हापासून नव्या माणसाकडे सगळीकडेच जरा रोखून पाहिलं जातं. आपल्या मुलांनी ते मनाला लावून घेऊ नये, असं मी सांगतो.

पण रोखून पाहण्यात आपलाही थोडा वाटा आहे. २०२० च्या ऑक्टोबरात एका उपक्रमाने ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट देऊ केला होता. ‘हे बघा किती सोपंय’ असं दाखवणारा एक व्हिडिओ आपल्या देशात बराच पाहिला गेला. मग जगभरच्या प्रकल्पांच्या माहितीपत्रकांत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे शब्द घुसवणाऱ्या बदलांचा पूर आला. शेवटी नियम बदलून, ज्या प्रकल्पाला हवं त्यानेच सामील व्हावं असं ठरलं. टी-शर्ट धुतला की विरतो, नोंद मात्र नावासकट तशीच राहते.

कर्नलकडे वळणाऱ्यांना मी तीन-चारच गोष्टी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्याच्याच दस्तऐवजांत लिहिलेलं आहे आणि ते वाचणं हीच पहिली परीक्षा. ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइल आहे. तो कर्नलचा सातबारा समजा. कुठला तुकडा कोण कसतो ते त्यात असतं, आणि आपला बदल कुणाकडे पाठवायचा हे त्यावरून शोधून देणारी स्क्रिप्टही आहे. एका पॅचमध्ये, म्हणजे पाठवायच्या दुरुस्तीत, एकच बदल असावा. दोष दुरुस्त करता करता शेजारच्या ओळींची मांडणीही सुधारली, तर तपासणाऱ्याला दोष कुठला आणि रंगरंगोटी कुठली ते कळत नाही. काय बदललं ते कोड सांगतो, का बदललं ते तुम्ही लिहायचं. शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी स्वतःच्या नावाची ओळ. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्सच्या कोडवर हक्क सांगत आयबीएमला कोर्टात खेचल्यावर, २००४ पासून ती प्रथा पडली. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती हमी. निनावी चालत नाही. इरिलचंही चाललं नसतं.

वेळेचं गणित शेतकऱ्याच्या पोरांना लवकर समजतं. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. त्यात नवीन गोष्टी आत घेण्याचा काळ सुरुवातीचे दोन आठवडे, पुढे फक्त दुरुस्त्या. वाफसा असताना पेरलं नाही तर पुढच्या पावसापर्यंत थांबायचं. पॅच पाठवून दुसऱ्या दिवशी ‘काय झालं?’ विचारू नये. दोनेक आठवड्यांनी एक नम्र आठवण पुरते. उत्तर आलं तर ते बहुधा कोरडं असतं, ‘हे चूक आहे, कारण अमुक.’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. आमच्या एका मुलाने असं उत्तर आल्यावर महिनाभर लॅपटॉप उघडला नाही. त्याला म्हटलं, बाबा रे, त्या माणसाने तुझ्या अकरा ओळींसाठी अर्धा तास दिला, याहून मोठा आदर तिकडे नाही. सुधारून दुसरी आवृत्ती पाठव, आणि पहिलीपेक्षा काय बदललं ते खाली लिही.

चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर अख्खा कर्नल बांधायला घेतला तर रविवार संपतो. त्यातच वीज गेली तर सोमवारही. म्हणून आपल्या मशीनला लागणारे तेवढेच भाग निवडून बांधायचे, तशी सोय आहे.

पण खरं सांगायचं, तर आमच्या खोलीतलं निम्मं काम कर्नलचं नाहीच, ते भाषेचं आहे. ग्नोम, केडीई, लिबरऑफिस, डेबियनचा इन्स्टॉलर, सगळ्यांत मराठी आहे. त्यामागे मुंबईच्या व्हीजेटीआयमधले प्रा. जितेंद्र शहा आणि इंडिकट्रान्सची मंडळी होती, पुण्यात रेड हॅटमध्ये बसून हजारो ओळी मराठीत आणणारे होते, २००४ मध्ये खुले झालेले लोहित फॉन्ट आहेत. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला ठरवून दिली, तरी मराठी वळणाचा ल आणि श पडद्यावर दिसायला फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी सोय लागते, आणि ‘हा मजकूर मराठी आहे’ हे प्रोग्रॅमला सांगावंही लागतं. नाही सांगितलं तर हिंदी वळण दिसतं. एकदा केलेलं भाषांतर कायमचं पुरतही नाही. प्रत्येक आवृत्तीत नवी वाक्यं येतात, आणि जुनी जरा बदलली की त्यांचं मराठी ‘संदिग्ध’ म्हणून बाजूला पडतं. विहिरीतला गाळ काढण्यासारखं ते दरवर्षीचं काम.

त्यातही खाचा आहेत. इंग्रजीत ‘डिलीट’, मग फायलींचा आकडा, मग फोल्डरचं नाव. आकड्याच्या जागी टक्का-डी आणि नावाच्या जागी टक्का-एस अशी खूण असते. मराठीत आधी फोल्डर येतं: ‘‘फोटो’मधून १२ फायली काढायच्या?’ आमच्या एकीने सहज वाक्य फिरवलं आणि प्रोग्रॅम कोसळला, कारण संगणक अजूनही पहिला येईल तो आकडा असंच धरून बसला होता. खुणांमध्ये क्रमांक घालून ‘दुसरा आधी, पहिला नंतर’ असं सांगावं लागतं. भाषांतर तपासणारं साधन ही चूक पकडतं, पण ते चालवायचं असतं हे कुणी सांगितलेलं नसतं. व्याकरण येणारी, कोडिंग न येणारी ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा प्रोग्रॅमच्या पोटात शिरली.

सध्या तिचाच एक बदल अडकून पडलाय. एका जुन्या भाषांतरात डिस्कवरच्या ‘फ्री’ जागेला कुणीतरी ‘मोफत’ लिहिलं होतं: ‘मोफत: २० जीबी’. तिने ‘मोकळी’ असं सुधारून पाठवलं. तपासणाऱ्या नागपूरकर गृहस्थांनी ‘रिक्त’ सुचवलं. तिने लिहिलं, रिक्त पदं असतात, जागा मोकळी असते. त्यांनी विचारलं, मग ‘शिल्लक’ का नको, बँकेच्या पासबुकात असते तशी? त्यावर तिला काही सुचेना. रविवारी तिने आजीला विचारलं. आजी म्हणाली, ‘कणगीत धान्य किती उरलं ते इचारतेस, का कणगी किती रिकामी ते?’ हे तिने जसंच्या तसं लिहून पाठवलंय. दहा दिवस झाले, उत्तर यायचंय.