नभोवाणीचा वार्ताहर आणि जमावाचा रोष

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरून बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली. माजलगाव आणि बीड येथे आमदारांची घरे पेटविण्यात आली, संचारबंदी लागली आणि इंटरनेटही बंद करण्यात आले. अशा दिवशी वाडीवस्तीवरील माणसाजवळ बातमीचे कोणते साधन उरते? वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी येणार आणि मोबाईल मुका झालेला. उरतो तो रेडिओ. खासगी एफ.एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. म्हणजे सारी भिस्त आकाशवाणीवर आणि तिच्या जिल्ह्यातील अंशकालीन वार्ताहरावर येते.

या वार्ताहराकडे क्षुब्ध जमाव ‘सरकारचा माणूस’ म्हणून पाहतो. हा संशय सर्वस्वी निराधार आहे, असेही म्हणता येणार नाही. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात आकाशवाणी ही सत्तेची वाणी झाली होती. प्रसारभारतीचा कायदा १९९० साली झाला, तो अमलात यावयास १९९७ उजाडले. आणि त्यानंतरही स्वायत्ततेविषयीची शंका फिटली नाही. परंतु संस्थेवरील राग ध्वनिमुद्रक घेऊन उभ्या असलेल्या एकट्या माणसावर काढणे, हा न्याय नव्हे.

शिवाय त्यात जमावाचेच नुकसान आहे. वृत्तपत्राचा बातमीदार मागाहून चौकशी करून लिहू शकतो. नभोवाणीला मात्र घटनास्थळावरील माणसाचा प्रत्यक्ष आवाज लागतो. वार्ताहराला हुसकावून लावले की तो आवाज मिळत नाही. मग तो दूरध्वनीवरून पोलीस ठाण्याची आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची माहिती घेतो व तेवढीच बातमी जाते. ती ऐकून आंदोलक म्हणतात, ‘पाहा, सरकारचीच बाजू सांगितली!’ म्हणजे ज्या दोषासाठी वार्ताहराला पिटाळले, तो दोष पिटाळण्यामुळेच वाढतो.

या वैराचे टोक पंजाबने पाहिले आहे. डिसेंबर १९९० मध्ये चंदीगड आकाशवाणीचे संचालक राजेंद्रकुमार तालिब यांची आणि १९९२ साली पतियाळा केंद्राचे एम. एल. मनचंदा यांची अतिरेक्यांनी हत्या केली. बीडची स्थिती अर्थातच तशी नाही. पण धाक लहान असो वा मोठा, त्याची परिणती बातमी आक्रसण्यातच होते.

महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात हल्लेखोरास तीन वर्षांपर्यंत कैद वा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मात्र शिक्षा हल्ल्यानंतर होते. त्या दिवशी न मिळालेला आवाज ती परत आणू शकत नाही. तो मिळावा, यासाठी आंदोलनाच्या नेत्यांनी वार्ताहराला वाट करून दिली पाहिजे आणि आकाशवाणीनेही सरकारला न रुचणारा आवाज निःसंकोच ऐकविला पाहिजे. दरवर्षी ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांची गाऱ्हाणी आधीच फार थोड्यांच्या कानी जातात. ती पोचविणारा एक मार्ग आपल्याच हातांनी बुजविणे त्यांना खचितच परवडणारे नाही.