मोटारीच्या छतातून गळणारे पाणी

मोटारगाडीच्या छतात बसविलेल्या सरकत्या काचेला सामान्यतः सनरूफ या नावाने ओळखले जाते. तिच्याविषयी एक समज फार रूढ आहे. काचेभोवतीची रबरी पट्टी पावसाचे पाणी बाहेर अडविते, आणि गाडीत पाणी आले म्हणजे ती पट्टी निकामी झाली, असे पुष्कळांना वाटते. मग पट्टीच्या फटीत सिलिकोन भरून घेतले जाते. दोन-चार दिवस बरे जातात, आणि पुढच्या मोठ्या सरीला पाणी पुन्हा आसनावर टपकू लागते. खर्च झालेला असतो. दोष मात्र होता तेथेच असतो.

वस्तुतः सनरूफ जलाभेद्य असावे, अशी अपेक्षा ते बनविणाऱ्यानेच केलेली नसते. जी काच सरकावयाची आणि उचलली जावयाची, तिच्या कडेला थोडी मोकळीक हवीच. पट्टी फार आवळून बसविली तर काच हलणार नाही. यास्तव वारा, धूळ आणि बहुतेक पाणी अडविणे एवढेच पट्टीचे काम असते. उरलेले पाणी आत येणारच असे गृहीत धरून त्याची वाट आधीच काढून ठेवलेली असते. केरळातील नालुकेट्टू घरात किंवा महाराष्ट्रातील जुन्या वाड्यात पाऊस घराच्या मधोमध, चौकातच पडतो. त्याला अडविण्याचा कोणी प्रयत्न करीत नाही. चौकाला उतार असतो, कोपऱ्यात मोरी असते, आणि मोरी तुंबली तरच पाणी ओसरीवर चढते. सनरूफची रचना याच तत्त्वावर झालेली आहे.

काचेच्या कडेखाली, छताचा पत्रा आणि आतले कापडी अस्तर यांच्यामध्ये, एक उथळ पन्हळ बसविलेली असते. पट्टीतून झिरपलेले पाणी या पन्हळीत उतरते. पन्हळीच्या कोपऱ्यांना सामान्यतः चार नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेलगतच्या खांबांच्या पोकळीतून खाली जातात आणि पुढील दरवाजांच्या बिजागरांजवळ किंवा चाकांवरील पत्र्यामागे उघडतात. मागच्या दोन नळ्या मागील खांबांतून उतरून मागच्या चाकांच्या आसपास बाहेर येतात. नळीचा आतील व्यास करंगळीहूनही कमी असतो. काही गाड्यांत नळीच्या शेवटच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखे रबरी झाकण असते. ते पाणी बाहेर सोडते, पण रस्त्यावरचा चिखल व किडे आत येऊ देत नाही. गंमत अशी की, हीच चोच चिखलाने चिकटून बसते आणि रक्षक होता तोच अडसर होतो.

या व्यवस्थेवर पडणारा भार किती, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सनरूफची काच अर्धा चौरस मीटर धरली आणि तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या काचेवर २५ लिटर पाणी पडले. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ व २७ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तेवढ्या पावसात अशा काचेवर सुमारे ४७० लिटर पाणी पडते. यांतील बरेचसे छतावरूनच ओघळून जाते. तथापि लहानसा अंश जरी पन्हळीत उतरला आणि नळी बंद असली, तरी उथळ पन्हळ भरून वाहण्यास वेळ लागत नाही.

भारतात ही नळी बंद होण्याचा एक ऋतूच आहे. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत उत्तरेच्या मैदानांत धुळीची वादळे येतात, कडुलिंबाची पानगळ होते, सावरीचा कापूस उडतो. गुलमोहराची बारीक पर्णदले तर हव्या त्या फटीत शिरतात. सावलीसाठी गाडी झाडाखाली उभी केलेली असते आणि पन्हळीत हे सारे महिनोन् महिने साचत राहते. पाऊस नसल्यामुळे त्याची जाणीव कोणालाच होत नाही. मग पहिल्या वळवाच्या सरीत धूळ आणि कुजकी पाने यांचा लगदा होतो, तो नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो, आणि पुढच्या उन्हात वाळून घट्ट होतो. जूनमध्ये गाडी गळू लागली तर तिचे कारण बहुधा एप्रिलमध्ये घडलेले असते.

रोगाची लक्षणे

पाणी जेथे दिसते तेथेच ते शिरलेले असते असे मुळीच नाही. छताच्या अस्तरामागून ते पुष्कळ अंतर वाहत जाते, आणि दिव्याच्या खोबणीतून, खांबाच्या आवरणाच्या कडेने किंवा थेट पायांखालच्या गालिच्यात प्रकट होते. एक लक्षण विशेष बोलके आहे. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी कोरडी भासते. ती निघते, पहिल्या वळणावर किंवा पहिला ब्रेक दाबताच छतातून एकदम पाण्याची धार येते. याचा अर्थ पन्हळ काठोकाठ भरलेली होती आणि गाडीच्या हालचालीने ती हिंदकळली. असे घडले की तुंबलेल्या नळीचा संशय जवळजवळ पक्का होतो. गाडी उतारावर तोंड खाली करून उभी असेल तर सारा भार पुढच्या नळ्यांवर येतो. म्हणूनच काही गाड्या एका ठिकाणी उभ्या केल्या की गळतात आणि दुसऱ्या ठिकाणी गळत नाहीत, आणि मालक व मेकॅनिक दोघेही चक्रावतात.

परंतु गालिचा ओला झाला म्हणजे सनरूफच दोषी, असे मानण्याची घाई करू नये. वातानुकूलन यंत्रात हवेतील बाष्पाचे पाणी होते व ते एका स्वतंत्र नळीने खाली सोडले जाते. ती नळी तुंबली तर पाणी पुढच्या प्रवाशाच्या पायांशी साचते. मात्र ते पावसाशी संबंध न ठेवता, मे महिन्याच्या कोरड्या उकाड्यातही येते. इंजिन थंड ठेवणारे द्रव गळत असेल तर त्याला गोडसर वास येतो आणि ते बोटांना चिकट लागते. समोरच्या काचेची चिकटवण सुटणे, दरवाजाच्या आतील प्लॅस्टिकचा पडदा फाटणे, छतावरील सामानाच्या दांड्यांचे स्क्रू सैल होणे, ही आणखी काही कारणे होत. पाणी कोणत्या दिवशी आले, पाऊस होता की नव्हता, गाडी कोणत्या बाजूस कललेली होती, याची चार दिवसांची टिपणे ठेवली तर निम्मे निदान घरबसल्या होते.

खरी परीक्षा पेलाभर पाण्याने करता येते. गाडी सपाट जागी उभी करून आतील भाग शक्य तितका कोरडा करावा आणि खाली जुनी वर्तमानपत्रे पसरावी. ओल प्रथम कोठे उमटली हे कागदावर स्पष्ट दिसते. सनरूफ पूर्ण उघडावे. पुढच्या एका कोपऱ्यात, नळीच्या तोंडाशी, पाव लिटर पाणी सावकाश ओतावे आणि दुसऱ्या माणसाने त्याच बाजूस गाडीखाली पाहत राहावे. काही क्षणांतच धार आली तर ती नळी मोकळी आहे. थेंब थेंब आले तर ती अर्धवट तुंबली आहे. काहीच न येता पन्हळीत पाणी उभे राहिले तर ती पूर्ण बंद आहे. चौथी शक्यता सर्वांत फसवी असते. पाणी पन्हळीतून झटकन नाहीसे होते, गाडीखाली मात्र येत नाही, आणि कागद ओला होतो. अशा वेळी नळी तुंबलेली नसून ती सांध्यातून निसटलेली किंवा फाटलेली असते. अपघातानंतरच्या दुरुस्तीत छताचे अस्तर उतरविले गेले असेल तर हा दोष विशेषकरून संभवतो. मागच्या नळ्यांची तोंडे बहुधा काचेखाली झाकलेली असतात. तेथे गाडीचे तोंड चढाकडे करून पन्हळीत पाणी सोडावे लागते.

तुंबलेली नळी साफ करताना मोह होतो तो दाबाखालच्या हवेचा. टायरच्या दुकानातील हवेचा झोत नळीत सोडला की लगदा उडून जाईल, हे खरे. पण वरचा सांधा नुसता ढकलून बसविलेला असतो, आणि त्या दाबाने नळीच निसटली तर एका साध्या कामाचे छत उतरविण्याच्या कामात रूपांतर होते. लोखंडी तार तर त्याहून घातक, कारण ती नळी भोसकते. गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात ती नायलॉनची लवचीक तार या कामास उत्तम. तिचे टोक तासून किंवा किंचित वितळवून गोल करावे, आणि अडेल तेथे जोर न करता हलके फिरवीत आत न्यावे. नंतर कोमट पाणी थोडे थोडे सोडावे. खालची रबरी चोच हाती लागत असेल तर ती चिमटीत दाबून मोकळी करावी. पन्हळ ओल्या फडक्याने पुसावयाची ती नळीच्या तोंडाकडून दूर, नाहीतर पुसण्यातच ती पुन्हा तुंबते.

येथे सिलिकोनचा प्रश्न पुन्हा येतो. काचेच्या कडा त्याने बुजविल्या तर काच चौकटीस चिकटते, उघडताना मोटरवर ताण येतो आणि पट्टी फाटते. शिवाय मूळ नळी बंदच राहिल्याने कोठून तरी शिरलेले थोडे पाणीही आतच कोंडते. सिलिकोनचा जो प्रकार सुकताना आंबूस वास सोडतो, त्यातून ॲसेटिक आम्ल निघते व उघड्या पत्र्यास ते गंज आणते. पट्टी खरोखर कडक झाली, आकसली किंवा कोपऱ्यात फाटली असेल, तर ती बदलणे हाच मार्ग. आणि प्लॅस्टिकची पन्हळच चिरली असेल, तर अस्तर उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. ते काम जाणत्या कारागिराकडे सोपविणेच इष्ट.

काच तडकते तेव्हा

तडकलेल्या काचेची गोष्ट निराळी आहे. काच फुटलेली कशी दिसते यावरूनच ती कोणत्या जातीची आहे हे कळते. एकच लांब रेघ उमटली असून काच जागच्या जागी असेल, तर ती दोन थरांची जोडकाच होय. दोन काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा पातळ पडदा असल्यामुळे तुकडे त्याला धरून राहतात. उलट, काच एकाएकी साखरेच्या खड्यांएवढ्या असंख्य तुकड्यांत कोसळली असेल, तर ती कठीण केलेली एकेरी काच होती. अशी काच करण्यासाठी ती सुमारे ६२० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. पृष्ठभाग आधी गोठतो, गाभा मागाहून आकसू पाहतो. परिणामी पृष्ठावर दाब आणि गाभ्यात ताण कायमचा कोंडला जातो. दाबाचा हा थर प्रत्येक बाजूस जाडीच्या सुमारे एक पंचमांश असतो. पाच मिलिमीटरच्या काचेत तो केवळ एक मिलिमीटर भरतो. रस्त्यावरच्या खड्याने झालेला खळगा या थरापलीकडे गेला की कोंडलेला ताण मोकळा होतो आणि सारी काच एका क्षणात फुटते. अशा काचेत राळ भरून दुरुस्ती करता येत नाही, कारण दुरुस्त करण्यास तडा असा उरतच नाही.

तापलेल्या गाडीवर थंड पाणी पडल्याने काच फुटली, असे नेहमी सांगितले जाते. निर्दोष कठीण काच सुमारे २०० अंशांचा फरक सहन करते, तेव्हा पाण्याला एकट्याला दोष देता येत नाही. कडेला आधीच झालेली इजा किंवा वाकड्या बसलेल्या चौकटीचा दाब यांकडे पाहावे. क्वचित कोणताही आघात न होता, उभ्या गाडीची काच फुटते. त्यामागे निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण असू शकतो. ३७९ अंशांच्या वर या द्रव्याची रचना एक असते व खाली दुसरी. काच झपाट्याने थंड होताना कण जुन्या रचनेतच अडकतो, आणि पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी बदलताना दोन ते चार टक्के फुगतो. मेलबर्नमधील एका उंच इमारतीच्या काचा अशा फुटू लागल्या, तेव्हा १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञान संघटनेतील बॅलंटाइन यांनी हे कारण उजेडात आणले. उगमाजवळचे तुकडे चिकटून राहिले असतील तर तेथे फुलपाखराच्या पंखांसारखी दोन मोठी शकले शेजारी शेजारी दिसतात. नुकसानभरपाई मागावयाची असल्यास ते तुकडे झाडून टाकण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घेणे अगत्याचे.

जोडकाचेला तडा गेला असता सनरूफ मुळीच उघडू नये, आतला पडदा ओढून घ्यावा, आणि पावसापुरती वरून रुंद चिकटपट्टी लावावी. नवी काच त्याच जातीची, त्याच जाडीची आणि भारतीय मानक आय. एस. २५५३ च्या वाहनांसाठीच्या भागाचे चिन्ह असलेली घ्यावी. ती छताच्या पातळीशी जुळवून बसविल्यावर पेलाभर पाण्याची परीक्षा चारही कोपऱ्यांवर पुन्हा करावी.

गळती थांबली तरी एक काम उरते. गालिच्याखालच्या फोममध्ये पाणी आठवडेच्या आठवडे राहते; वरून कापड कोरडे लागते आणि खाली कुबट वास धरतो, काचांवर सकाळी वाफ जमते. पुष्कळ गाड्यांत याच फोमखालून विजेच्या तारांचे जुडगे गेलेले असतात, आणि आसनाखालच्या जोडांवर हिरवट गंज चढला की दिवे, दरवाजांची कुलुपे, कधी सुरक्षापिशवीचा इशारादिवा, असे एकमेकांशी संबंध नसलेले बिघाड सुरू होतात. आसने सोडवून गालिचा उचलावा. मात्र आसनांखालील पिवळ्या वेष्टनाचे जोड सुरक्षापिशवीचे असतात, त्यांना हात लावण्यापूर्वी बॅटरी सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. फोम बाहेर काढून उन्हात वाळवावा. भर पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली, दोन्ही बाजू उलटसुलट करीत, तो दाबून पाहिला असता हाताला गार लागेनासा होईपर्यंत.